जिन्यातला पलंग

पलंग जिन्यात अडकला याला पलंग जबाबदार नव्हता आणि जिनाही नव्हता. जबाबदार होते एक वचन. ते मायक्रॉनने आपल्या बायकोला गाडीत सामान भरताना दिले होते.

"सुट्टी संपेपर्यंत कुणाचंही काहीही तपासायचं नाही," ती म्हणाली. "कुणी म्हणालं दार लावलंय, तर ते लागलंय. कुणी म्हणालं दूध चांगलं आहे, तर ते चांगलं आहे."

"आणि नसलं तर?"

"तर प्यायचं आणि 'वा' म्हणायचं."

मायक्रॉनने मान डोलावली. ज्याची सगळी हयात वजने आणि मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली त्याच्याकडून असे वचन घेणे म्हणजे कुत्र्याला वास घेऊ नकोस म्हणण्यासारखे होते. दुकानदारांचे तराजू, औषधवाल्यांचे काटे, पेट्रोल पंपांची मापे त्याच्या टेबलावर येत आणि त्यांतली बरीचशी मान खाली घालून परत जात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; त्याला खरे नावही होते, पण ते आता फक्त पासपोर्टवर शिल्लक राहिले होते.

वचनामागचे कारण लहान नव्हते. निवृत्तीनंतर तीन घरांनी मिळून एक घर बांधावे आणि म्हातारपण एकत्र काढावे, असा बेत मायक्रॉनच्या बायकोने मांडला होता. ती ग्रंथपाल होती. "जन्मभर लोकांना 'शू' केलं मी," ती म्हणे. "आता मला माणसांचा गलबला हवाय. लेक तिकडे साता समुद्रापलीकडे. संध्याकाळ झाली की घरात तुम्ही, मी आणि भिंतीवरचं घड्याळ. आणि ते घड्याळही मागे पडतंय म्हणून तुम्ही दुरुस्तीला टाकलंय!"

बेतातले दुसरे घर कंत्राटदाराचे. तो मायक्रॉनचा कॉलेजपासूनचा मित्र, इमारती बांधणारा. त्याची बायको दातांची डॉक्टर. तिसरे घर वकीलबाईंचे. त्या ग्रंथपालबाईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण आणि एकट्याच राहणाऱ्या. घरासाठी जागाही पाहून झाली होती. मालकाला सुट्टी संपायच्या आत हो की नाही ते कळवायचे होते. मायक्रॉनचा या बेताला विरोध नव्हता. त्याला फक्त पुरावा हवा होता. मात्र त्याच्या बाबतीत या दोन गोष्टींत फरक करणे घरच्यांना कधीच जमले नव्हते.

"जेवायला बोलावलेली माणसं संध्याकाळभर चांगलीच वागतात," त्याचे म्हणणे होते. "त्यावरून ती सकाळी न्याहारीला कशी असतील ते कळत नाही."

म्हणून गावापासून दूरच्या एका ऐतिहासिक बंगल्यात पाचांनी आठवडाभर एकत्र राहून पाहायचे ठरले. तो याला चाचणी म्हणत होता आणि ती सुट्टी.

बंगला शेतांच्या मधोमध एका टेकाडावर उभा होता. कुणा सेनापतीने लढाया संपल्यावर आरामासाठी तो बांधला होता, पण लढायांची सवय सुटली नसावी, कारण भिंती हातभर जाड होत्या आणि वरच्या मजल्याच्या खिडक्यांनाही लोखंडी गज होते. वास्तू जपणाऱ्या एका संस्थेकडे तिचा कारभार होता. 'ऐतिहासिक' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ मायक्रॉनला पहिल्याच तासात उमगला: जे मोडलेले असते त्याला 'मूळ स्वरूप' म्हणतात, आणि जे मोडलेले नसते त्यावर 'बसू नये' अशी पितळी पाटी असते.

खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, त्यामागे नंतर कधीतरी बांधलेला संडास आणि दोन लोखंडी खाटांची एक खोली होती. ही खोली मायक्रॉन आणि त्याच्या बायकोच्या वाट्याला आली. वरची मोठी खोली कंत्राटदार दांपत्याने घेतली, छोटी वकीलबाईंनी. गरम पाण्याचे एकुलते एक न्हाणीघरही, आत दुसऱ्या संडासासकट, वरच होते. वर आणि खाली यांना जोडणारा एक दगडी जिना होता, आणि तो पहिले तीन दिवस कुणाच्या लक्षातही आला नाही, इतके आपले काम तो चोख करत होता.

माणसे मात्र लक्षात येऊ लागली. कंत्राटदार पहाटे उठून सगळ्या खिडक्या धाडधाड उघडत असे आणि शिट्टी वाजवत घरभर फिरत असे. भिंत दिसली की तिच्यावर थाप मारून "दगडी काम आहे, बघ!" असे तो जवळ जो असेल त्याला सांगे. चहा ढवळलेला ओला चमचा तो तसाच साखरेच्या डब्यात खुपसून ठेवी. डॉक्टर काही बोलत नसत, पण समोरचा खाऊ लागला की त्याच्या जबड्याकडे टक लावून पाहत. "भावजी, तुम्ही डावीकडूनच चावताय," त्यांनी मायक्रॉनला पहिल्याच न्याहारीला सांगितले, आणि तेव्हापासून मायक्रॉनला कुठल्याही बाजूने चावणे जमेना. वकीलबाई न्हाणीघरात शिरल्या की बाहेर येत नसत. दारावर टकटक केली तर आतून "कोणत्या कारणास्तव?" असा प्रश्न येई. आणि ग्रंथपालबाई, ज्यांना गलबला हवा होता, त्या कुणी पुस्तक उपडे ठेवून पाणी प्यायला उठले की ते उचलून कपाटात जागच्या जागी लावून टाकत. कंत्राटदाराने एका कादंबरीचे पहिले प्रकरण चार वेळा वाचले.

मायक्रॉन काहीही तपासत नव्हता. तो फक्त पाहत होता.

"पाहताय तुम्ही," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"पाहणं आणि तपासणं वेगळं."

"तुमच्या बाबतीत नाही. परवापासून तो डबा उघडला की तुमची भुवई वर जाते. बिचाऱ्याने काल साखरच घातली नाही चहात."

"घातली. मी गेल्यावर."

तिसऱ्या दिवशी लोण्याची बशी इकडून तिकडे सरकवतानाही कुणीतरी काहीतरी लागेल असे बोलत होते. ग्रंथपालबाईंचा चेहरा उतरू लागला होता, आणि घराच्या बेताचा विषय कुणीच काढत नव्हते.

अशा वातावरणात पलंगाचा प्रश्न आला, तो खरे तर तोडगा म्हणून. वरच्या मोठ्या खोलीत सेनापतीचा पलंग होता: शिसवी, चार खांबांचा, डोक्याशी जाडजूड नक्षी आणि तळाला सलग फळ्या. कंत्राटदार कुशीवर वळला की तो असा करकरे की डॉक्टरांची झोप उडे आणि खालच्या खोलीत मायक्रॉनच्या अंगावर छताची भुकटी पडे. डॉक्टरांना वेगळी खाट हवी होती. ग्रंथपालबाईंना लोखंडी खाटेची पट्टी पाठीत रुतत होती. मग पलंग खाली आणावा आणि दोन्ही खाटा वर न्याव्यात, म्हणजे सगळ्यांचेच भले, असे कुणीतरी सुचवले, आणि त्या घरातला पहिला एकमताचा निर्णय झाला.

पलंगाचे माप मायक्रॉनने घेतले. पोलादी पट्टीने, प्रत्येक बाजू तीनदा.

"जिन्याचं मी घेतलंय," कंत्राटदार हात झटकत म्हणाला. "दोन बोटं मोकळी राहतात. लोण्यासारखा उतरेल."

मायक्रॉनने तोंड उघडले. जिना नेमका कुठे मोजला, कशाने मोजला, किती वेळा मोजला, हे तीन प्रश्न त्याच्या जिभेवर रांगेत उभे होते. त्याने बायकोकडे पाहिले. बायको त्याच्याकडेच पाहत होती. त्याने तोंड मिटले.

"बरं," तो म्हणाला.

"दाढ दुखतेय का, भावजी?" डॉक्टरांनी काळजीने विचारले.

खाटा सुखरूप वर गेल्या. पलंगाची गादी खाली आली. मग पलंग आडवा करून जिन्यात घातला. वरून कंत्राटदार धरून होता, त्याच्या मागे ग्रंथपालबाई एका खांबाला हात लावून "जपून, जपून" म्हणत होत्या. खाली मायक्रॉन भार पेलत होता आणि त्याच्यामागे डॉक्टर त्याच्या पाठीला हात लावून पायऱ्या सांगत होत्या. वकीलबाई न्हाणीघरात होत्या. अर्धा जिना खरोखरच लोण्यासारखा गेला. मग एक आवाज झाला, बूच बाटलीत बसल्यासारखा, आणि पलंग थांबला.

"अडकलं काहीतरी," मायक्रॉन म्हणाला.

"कुठलं अडकतंय! जागा आहे. थांब, जोर लावतो."

"लावू नकोस."

कंत्राटदाराने जोर लावला. पलंग आणखी वीतभर खाली आला आणि मग भिंतीचाच एक भाग असल्यासारखा स्थिर झाला. पुढचा काही वेळ दोन्हीकडून ओढून आणि ढकलून झाले. तो वर जाईना, खाली येईना. तळाच्या फळ्यांनी जिना दार लावल्यासारखा बंद झाला होता. फक्त डोक्याकडच्या नक्षीच्या वर, छताला लागून, हात जाईल एवढी फट उरली होती.

"माप कुठं घेतलं होतंस?" मायक्रॉनने त्या फटीला विचारले.

"वर घेतलं, खाली घेतलं. दोन्हीकडे सारखं. मग मधे काय वेगळं असणार?"

मध्ये भिंतीला पोट सुटले होते. वर आणि खाली ठीक असून मध्ये वेगळे असणे शक्य आहे, हे खरे तर कंत्राटदाराला आरसा पाहूनही कळण्यासारखे होते.

"भिंत सरळ असते रे," तो फटीतून म्हणाला. "मी बांधतो भिंती, मला माहीत आहे."

"तुझ्या भिंती मी पाहिल्यात."

"अहो!" वरून त्याच्या बायकोचा आवाज आला.

एवढ्यात वकीलबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या, आणि जिन्याच्या जागी त्यांना फळ्या दिसल्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारले. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, साक्षीदाराला विचारतात तसा, विचारला.

मायक्रॉनने संस्थेच्या व्यवस्थापकाला फोन लावला.

"पलंग जिन्यात अडकलाय," तो म्हणाला.

"कुठला पलंग?"

"सेनापतींचा."

"तो वरच्या खोलीत असतो."

"असतो. सध्या जिन्यात आहे."

"जिन्यात पलंग ठेवायला परवानगी नाही, साहेब."

"आम्ही ठेवलेला नाही. तो स्वतः राहिलाय. सुतार मिळेल?"

सुतार होता, पण संस्थेच्या मान्यतेचा एकच, आणि तो परवा येणार होता. तोवर पलंगाला करवत, हातोडी किंवा तेल यांपैकी काहीही लावायचे नाही, असे व्यवस्थापकाने बजावले. "ओरखडा आला तरी कळेल आम्हाला," तो म्हणाला. वर माणसे अडकली आहेत का, याबद्दल त्याने काही विचारले नाही. ती ऐतिहासिक नव्हती.

खिडक्यांना गज असल्याने वरच्यांना खाली यायचा मार्ग नव्हता. अशा रीतीने घराचे दोन भाग झाले. वर कंत्राटदार, ग्रंथपालबाई आणि वकीलबाई. त्यांच्याकडे गरम पाणी होते आणि अन्नाचा कण नव्हता. खाली मायक्रॉन आणि डॉक्टर. त्यांच्याकडे अन्न होते आणि नळाला बर्फासारखे पाणी. पहिले जेवण फटीतून वर गेले. पाव गेला, उकडलेली अंडी गेली. सुपाची वाटी तिरकी केल्याशिवाय फटीतून जात नव्हती आणि तिरकी केल्यावर तिच्यात सूप राहत नव्हते. शेवटी वकीलबाईंनी गरम पाण्याची रबरी पिशवी रिकामी करून खाली सोडली आणि सूप तिच्यातून वर गेले.

"रबराचा वास येतोय," कंत्राटदार वरून म्हणाला.

"वा म्हणायचं," मायक्रॉन खालून म्हणाला.

झोपायची सोय आपोआप लागली. वर दोन्ही मैत्रिणींनी छोट्या खोलीत खाट ओढून घेतली आणि शाळेतल्या मास्तरणींच्या नकला सुरू केल्या. खाली डॉक्टरांनी पलंगाची गादी टाकून खोली घेतली आणि मायक्रॉन दिवाणखान्यात 'बसू नये' अशी पाटी असलेल्या कोचावर आडवा झाला. पाटीत झोपण्याबद्दल काही म्हटलेले नव्हते.

सकाळी तो उठला तेव्हा काहीतरी चुकल्यासारखे वाटले. खिडक्या बंद होत्या. शिट्टी होती, पण ती जाड छतापलीकडे, दूरच्या रेडिओसारखी. स्वयंपाकघरात डॉक्टर चहा करत होत्या. त्यांनी चमचा धुतला, फडक्याने कोरडा केला आणि मगच साखरेत घातला.

मायक्रॉन दारात उभा राहून पाहत होता.

"काय झालं, भावजी?"

"काही नाही. चमचा कोरडा केलात तुम्ही."

"मग? ओल्या चमच्याने साखरेचे खडे होतात."

"होतात," मायक्रॉन म्हणाला. त्याने डब्याचे झाकण दोन्ही हातांनी जपून लावले.

दोघांनी समोरासमोर बसून न्याहारी केली. कुणी कुणाशी बोलले नाही. डॉक्टर त्याच्या जबड्याकडे पाहत नव्हत्या. त्या खिडकीतून शेतांकडे पाहत होत्या. मायक्रॉनने दोन्ही बाजूंनी चावले.

वर वेगळेच चालले होते. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, कंत्राटदार शिट्टी वाजवत होता आणि ग्रंथपालबाई त्या शिट्टीवर गात होत्या. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण बायको गाते हे मायक्रॉनला ठाऊक नव्हते. ती सुरात नव्हती. ते त्याने तपासले नाही, केवळ ऐकले. वकीलबाई न्हाणीघरात बसल्या होत्या आणि कुणीही दार ठोठावत नव्हते, कारण उरलेल्या दोघांना गाण्यातून सवड नव्हती.

फटीपाशी व्यवहार होत, आणि ते विलक्षण सभ्य असत. "जरा बिस्किटं मिळतील का?" "हो, आत्ता देतो. गरम पाण्याची बाटली सोडता का, घाई नाही." दुपारी वरचे तिघे वरच्या पायऱ्यांवर बसले, खालचे दोघे खालच्या, आणि मध्ये पलंग ठेवून गप्पा सुरू झाल्या. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की भुवई वर गेलेलीही दिसत नाही. कंत्राटदाराने वसतिगृहातली एक जुनी फजिती सांगितली, मायक्रॉनने ती दुरुस्त केली, आणि कंत्राटदार चिडण्याऐवजी हसत सुटला. "अरे लेका, खरंच की! तो बादलीचा किस्सा तुझाच!" फळ्यांना पाठ टेकून दोघे मित्र असे बोलत बसले, जसे ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

"अहो, जेवलात का?" थोड्या वेळाने फटीतून आवाज आला.

"जेवलो. तू?"

"मी पण. छान चाललंय इथे." मग थोडे थांबून, "तुम्ही कसे आहात?"

घरी ती हे कधी विचारत नसे. घरी तो समोरच असे.

मग वकीलबाईंना प्रश्न पडला. "एक सांगा. हा जिन्यातून जात नाही हे सिद्ध झालंय. मग हा मुळात वर गेला कसा?"

मायक्रॉनने हळूच डॉक्टरांकडे पाहिले. त्या हातातल्या कपाकडे पाहत होत्या.

"वहिनी," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"हं."

"नक्षीच्या खाली लाकडी खुंट्या आहेत."

"आहेत. चार. काढल्या की बाजू सुटतात."

"कधी कळलं तुम्हाला?"

"काल. अडकला तेव्हाच दिसल्या." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला?"

"मलाही कालच."

"मग बोलला का नाहीत?"

"काही तपासणार नाही असं वचन आहे माझं. आणि तुम्ही?"

डॉक्टरांनी वरच्या दिशेला एक नजर टाकली. "भावजी, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा मी शिट्टीशिवाय चहा प्यायले," त्या म्हणाल्या.

पण प्रश्न विचारला गेला होता, आणि वकीलबाई विचारलेला प्रश्न सोडून देणाऱ्या नव्हत्या. डॉक्टर उठल्या, बाह्या सरसावून पलंगाला भिडल्या. एक खुंटी त्यांनी चिमटीत धरली, डावीकडे दाबली, उजवीकडे दाबली, जरा थांबल्या, पुन्हा दाबली.

"हातोडी देऊ का वरून?" कंत्राटदाराने विचारले.

"काही नको. ओढायचं नसतं, हलवायचं असतं. तू तोंड मीट."

चारही खुंट्या मुळापासून निघाल्या. त्या काढताना डॉक्टरांनी सवयीने "झालं, झालं, थोडंसंच" असेही म्हटले. पलंगाच्या बाजू सुटल्या, फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि वाट मोकळी झाली. वरची माणसे खाली आली. सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, जसे काही कुणी परदेशातून आले आहे. ग्रंथपालबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. "आता सगळे मिळून चहा घेऊ," त्या म्हणाल्या.

चहा अर्धा व्हायच्या आत कंत्राटदाराने ओला चमचा साखरेत खुपसला होता. मायक्रॉनची भुवई वर गेली. कंत्राटदाराने ती पाहिली आणि उठून धाडकन खिडकी उघडली. डॉक्टरांनी ती लावली. मायक्रॉन अंघोळीला वर गेला, टकटक केली आणि आतून कारण विचारले गेले. तो परत आला तेव्हा त्याने कोचावर उपडे ठेवलेले पुस्तक कपाटात गेले होते.

"कुणी ठेवलं?" त्याने विचारले.

"जागच्या जागी आहे," बायको म्हणाली.

"माझी जागा एकशे बाराव्या पानावर होती!"

कंत्राटदार शिट्टी वाजवू लागला, डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले आणि शिट्टी मध्येच विरली. चहा कपातच गार झाला.

मायक्रॉन खोलीत गेला तेव्हा त्याची बायको बॅगेत कपडे भरत होती. अजून परतायला अवकाश होता.

"तुमचं बरोबर होतं," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "नाही जमायचं आपल्याला. मी मालकांना 'नाही' म्हणून कळवते."

मायक्रॉनचा निष्कर्षही हाच होता. पुरावा भरपूर होता, तोही निःपक्षपातीपणे गोळा केलेला. बरोबर ठरल्याचा आनंद मात्र त्याला मनात कुठेच सापडेना. तो चिडला. एखादा काटा शून्यावर आणूनही पुन्हा थरथरत राहावा तसा चिडला. मग खाटा वर गेल्याने रिकाम्या झालेल्या खोलीत तो जमिनीवर बसला आणि विचार करू लागला.

"थांब," तो म्हणाला. "यात एक गडबड आहे. तीन दिवस वाईट गेले. आज सकाळपासून दुपारपर्यंत उत्तम गेलं. आता पुन्हा वाईट. माणसं तीच, घर तेच, साखर तीच. मग बदललं काय?"

बायकोने घडी घालता घालता मान वर केली.

"पलंग," ती म्हणाली.

"पलंग," तो म्हणाला. "पण एकदा झालेल्या गोष्टीवरून काही ठरवता येत नाही. पुन्हा करून बघावं लागेल."

हा प्रस्ताव दिवाणखान्यात मांडला गेला तेव्हा त्याला हसतील अशी त्याची अपेक्षा होती. कुणी हसले नाही. कंत्राटदार उठला आणि फळ्या उचलू लागला. वकीलबाई न विचारता वर निघाल्या. डॉक्टर खुंट्या पुसून तयार होत्या. ग्रंथपालबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर घुटमळल्या.

"तुम्ही खालीच ना?" त्यांनी विचारले.

"खालीच. गाणं म्हण जरा मोठ्याने. इथे छान ऐकू येतं."

"सुरात नसतं माझं."

"हो," मायक्रॉन म्हणाला, "पण लांबून चालतं."

त्या हसल्या आणि वर गेल्या. पलंग जिन्यात नेऊन, बाजू जोडून, खुंट्या बसवण्यात आल्या. या वेळी त्याला योग्य जागी बसवायला कंत्राटदाराला जोर लावावा लागला नाही. भिंतीच्या पोटाने त्याला ओळखीच्या माणसासारखे धरले. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर पुन्हा गप्पा रंगल्या, पत्ते फटीतून वरखाली झाले, आणि ग्रंथपालबाईंनी जागेच्या मालकाला फोन करून होकार कळवला. तो ऐकून दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. घराचा आराखडा कंत्राटदाराने वरच काढायला घेतला.

पलंग अडकल्याच्या तिसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, व्यवस्थापक सुताराला घेऊन धापा टाकत आला. दोन दिवस कोंडलेली माणसे कशी असतील याची त्याला आता धास्ती वाटत असावी. दिवाणखान्यात मायक्रॉन आणि डॉक्टर अवाक्षर न बोलता चहा पीत होते. वरून शिट्टी आणि गाणे, दोन्ही ऐकू येत होती.

"हाल झाले तुमचे," व्यवस्थापक म्हणाला. "आत्ता मोकळा करतो रस्ता."

"सावकाश करा," मायक्रॉन म्हणाला. "चहा घेणार?"

"नको, नको. आधी पलंग. फार मौल्यवान आहे तो."

"मौल्यवान आहेच," डॉक्टर मनापासून म्हणाल्या.

वरचे गाणे थांबले. फटीत ग्रंथपालबाईंचे डोळे दिसू लागले.

"अहो, हा पलंग विकत मिळेल का हो?"

"बाई, ही ऐतिहासिक वस्तू आहे!"

"मग अगदी असाच दुसरा कुणी करून देईल?"

सुतार पुढे झाला. त्याने नक्षीवरून हात फिरवला, खांब पाहिले, फळ्यांवर बोटाने टकटक केली. "देईन की," तो म्हणाला. "लाकूड चांगलं वापरू. तुमची खोली केवढी आहे, ते सांगा फक्त."

"खोलीचं राहू द्या," फटीतून उत्तर आले. "जिन्याचं माप देते."